काळा पट्टा, लष्करी सेवा आणि गुरुपरंपरेचा दावा

विशेष प्रतिनिधी

ओकिनावातील तळांवर असताना कराटे शिकून आलेल्या अमेरिकन सैनिकांनी ही कला आपल्या देशात रुजवली. त्यांच्या शिष्यांचे शिष्य आज जी गुरुपरंपरा सांगतात, तिच्यातील किती भाग कागदोपत्री टिकतो, हा प्रश्न आता नव्याने ऐरणीवर आला आहे.

अमेरिकेतील एखाद्या कराटेवर्गाच्या भिंतीवर बहुधा एक जुने कृष्णधवल छायाचित्र टांगलेले असते. त्यात मध्यभागी एक ओकिनावी गुरू आणि भोवती विशीतले, बारीक केस कापलेले गोरे व कृष्णवर्णीय तरुण उभे असतात. खाली सन असते आणि 'थेट शिष्य' असे शब्द असतात. वर्गाची प्रतिष्ठा, तिथल्या प्रमाणपत्रांचे मोल आणि अनेकदा शुल्कही या दोन शब्दांवर ठरते. परंतु छायाचित्र फार तर भेटीचा पुरावा देते. त्या भेटीआधी आणि नंतर किती काळ शिक्षण झाले, हे त्यातून समजत नाही. सध्याच्या वादाचे मूळ नेमके याच ठिकाणी आहे.

युद्धानंतरचे ओकिनावा

या वादाची पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी १९४५ कडे जावे लागते. त्या वर्षीच्या १ एप्रिल ते २२ जून या काळात ओकिनावा बेटावर झालेल्या लढाईत सुमारे १ लाख २२ हजार ओकिनावावासी मृत्युमुखी पडले, असा तेथील प्रांतिक प्रशासनाचा अंदाज आहे. मृतांमध्ये कराटेचे जाणकार होते, त्यांचे होतकरू शिष्य होते आणि घराघरांतील जुनी कागदपत्रेही त्या आगीत गेली. त्यानंतर १५ मे १९७२ रोजी जपानकडे परत जाईपर्यंत हे बेट अमेरिकेच्या ताब्यात राहिले. १९५८ पासून तर तेथे व्यवहाराचे अधिकृत चलनही डॉलर होते. उद्ध्वस्त बेटावरील कराटेगुरूसाठी तळावरचा सैनिक हा शिष्य होता आणि नियमित शुल्क भरणारा ग्राहकही होता.

तात्सुओ शिमाबुकू यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. चोतोकू क्यान, चोजुन मियागी आणि चोकी मोतोबू या तीन नामवंतांकडे शिकलेल्या शिमाबुकू यांनी १९५६ मध्ये आपल्या शैलीला 'इश्शिन-ऱ्यू' हे नाव दिले. त्याच दशकात अमेरिकेच्या मरीन दलाने सैनिकांना शिकवण्यासाठी त्यांच्याशी करार केला. डॉन नेगल, हॅरॉल्ड लाँग आणि स्टीव्ह आर्मस्ट्राँग हे त्यांच्याकडे शिकलेले मरीन सैनिक पुढे अनुक्रमे जर्सी सिटी, नॉक्सव्हिल आणि टकोमा येथे ही शैली शिकवू लागले. ओकिनावातील एका खेड्यात जन्मलेल्या या शैलीचे अनुयायी अमेरिकेत मोठ्या संख्येने तयार झाले, ते या मोजक्या सैनिकांमुळेच. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

मात्र सैनिकाची ओकिनावातील नेमणूक साधारणपणे वर्ष-दीड वर्षाची असे. त्यातही कवायती, पहारे आणि अन्य बेटांवरील सराव यांत बराच काळ जाई. परत निघताना काहींच्या सामानात काळा पट्टा असे, तर काहींच्या हाती त्याहून कितीतरी वरच्या श्रेणीचे प्रमाणपत्र. शिष्याने मायदेशी गेल्यावर सराव सुरू ठेवावा आणि कालांतराने त्या श्रेणीला पात्र व्हावे, या अपेक्षेने शिमाबुकू वरची श्रेणी देत, असे त्यांच्या शिष्यपरंपरेतच सांगितले जाते. म्हणजे गुरूच्या दृष्टीने ते पुढील वाटचालीवर टाकलेल्या विश्वासाचे पत्र होते. अमेरिकेत पोहोचताच त्याचा अर्थ 'पूर्ण झालेले शिक्षण' असा लावला गेला.

श्रेणीची पद्धतच नवी

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यायला हवी. 'डॅन' ही श्रेणी मुळात कराटेची नाही. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये ती प्रथम वापरली आणि गिचिन फुनाकोशी यांनी एप्रिल १९२४ मध्ये कराटेतील पहिले डॅन टोकियोत दिले. खुद्द ओकिनावात ही पद्धत सार्वत्रिक होण्यास बराच काळ लागला. तेथील प्रमुख शैलींचा महासंघ चोशिन चिबाना यांच्या अध्यक्षतेखाली १९५६ मध्ये स्थापन झाला. म्हणजे ज्या वर्षांत अमेरिकन सैनिक प्रमाणपत्रे घेऊन परतत होते, त्याच वर्षांत ओकिनावी गुरूही या श्रेणींचा अर्थ आपसांत ठरवत होते. जपानमध्ये युद्धकलांना मान्यता व पदव्या देणारी 'दाई निप्पॉन बुतोकुकाई' ही संस्था १९४६ मध्येच विसर्जित झाली होती. त्यामुळे 'सहावा डॅन' या शब्दांना सर्वमान्य मोजमाप असे नव्हतेच.

जपानच्या जुन्या तलवारबाजीच्या घराण्यांची गोष्ट वेगळी. तेथे प्रवेश घेताना शिष्य नोंदवहीत रक्ताने शपथ नोंदवतो आणि विद्या पूर्ण झाल्यावर गुरू तसा लेखी दाखला देतो. काटोरी शिंतो-ऱ्यू या प्राचीन घराण्यात प्रवेश मिळालेले डॉन ड्रेगर हेही अमेरिकेचे माजी मरीन अधिकारीच होते. परंतु ते जपानमध्ये वर्षानुवर्षे राहिले. तेथील गुरूंसमोर प्रत्यक्ष उभे राहून शिकले आणि युद्धकलांचे साक्षेपी अभ्यासक म्हणून त्यांनी १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत काम केले. लष्करी पार्श्वभूमी असणे हा दोष नव्हे, हे ड्रेगर यांच्या उदाहरणावरून दिसते. फरक पडतो तो तेथे दिलेल्या काळाने आणि मागे राहिलेल्या नोंदींनी.

नोंदी नसतील तर दाव्याचे काय होते, याचे उदाहरण म्हणून रॉबर्ट ट्रायस यांच्याकडे पाहता येते. दुसऱ्या महायुद्धात नौदलात असलेल्या ट्रायस यांनी १९४६ मध्ये फिनिक्स येथे कराटेवर्ग सुरू केला आणि १९४८ मध्ये अमेरिकेतील पहिल्या कराटे संघटनांपैकी एक उभारली. सॉलोमन बेटांवर तुंग गी सिंग नावाच्या चिनी धर्मप्रसारकाने आपल्याला विद्या दिली आणि त्याचा संबंध थेट चोकी मोतोबू यांच्याशी होता, असे ते सांगत. ही साखळी बहुतांशी ट्रायस यांच्याच कथनावर उभी आहे आणि अभ्यासकांनी तिच्याबद्दल शंका घेतल्या आहेत. त्यांचे संघटनात्मक कार्य निर्विवाद आहे. पण कार्य मोठे असले म्हणून परंपरेचा दावा आपोआप सिद्ध होत नाही. या दोन्ही गोष्टींचा हिशेब स्वतंत्रपणेच मांडावा लागतो.

कागद काय सांगू शकतात?

हा प्रश्न आताच पुन्हा चर्चेत येण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे वय. १९५६ मध्ये विशीत असलेला सैनिक आज नव्वदीच्या घरात आहे. 'तो आमच्यासोबत होता' किंवा 'तो फक्त दोन महिने आला' असे सांगू शकणारे साक्षीदार झपाट्याने कमी होत आहेत. दुसरे कारण अमेरिकेच्या अभिलेख नियमांत आहे. सैनिक सेवेतून बाहेर पडल्यावर ६२ वर्षांनी त्याची सेवापुस्तिका सर्वांसाठी खुली होते. म्हणजे १९५० च्या दशकात व १९६० च्या दशकाच्या आरंभी निवृत्त झालेल्यांची कागदपत्रे आता कोणालाही मागता येतात. त्याहून अलीकडच्या प्रकरणांतही हुद्दा, सेवेचा काळ आणि नेमणुकीची ठिकाणे अशी मर्यादित माहिती मिळू शकते.

या कागदपत्रांना मोठे भगदाड आहे, हेही खरे. सेंट लुईस येथील अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवापुस्तिका नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात निवृत्त झालेल्या भूदल सैनिकांची सुमारे ८० टक्के कागदपत्रे त्यात गेली आणि हवाई दलाच्या नोंदींचीही मोठी हानी झाली. मरीन दल व नौदलाच्या नोंदींना मात्र या आगीची झळ पोहोचली नाही. ओकिनावात कराटे शिकलेल्यांत मरीन सैनिकांचे प्रमाण लक्षणीय असल्याने ही बाब महत्त्वाची ठरते. 'माझी कागदपत्रे आगीत जळाली' हे उत्तर भूदलाच्या सैनिकाने दिल्यास ते खरे असू शकते. मरीन सैनिकाच्या शिष्यांनी तेच उत्तर दिल्यास पुढचा प्रश्न विचारणे भाग आहे.

अर्थात, सेवापुस्तिकेत डोजोचा उल्लेख क्वचितच सापडेल. ती सांगते ते एवढेच, की अमुक सैनिक अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ओकिनावात होता. पण अनेक दावे तपासायला तेवढेही पुरेसे असते. 'गुरूंकडे आठ वर्षे राहिलो' असे सांगणाऱ्याची बेटावरील एकूण नेमणूक चौदा महिन्यांची निघाली, तर उरलेल्या काळाचा खुलासा त्याने द्यायला हवा. तो पुन्हा स्वखर्चाने गेला असेल किंवा गुरूंना अमेरिकेत भेटला असेल. शिमाबुकू स्वतः १९६६ मध्ये अमेरिकेत आले होते आणि त्या भेटीत त्यांच्या काता चित्रफितीवर घेण्यात आल्या. अशा भेटींना प्रवासाची कागदपत्रे, पत्रव्यवहार, सहाध्यायांच्या आठवणी असा काही ना काही माग असतोच.

थोडा काळ म्हणजे खोटा दावा नव्हे

तथापि, या छाननीचे हत्यार करण्याचा मोहही टाळायला हवा. तेरा महिन्यांची नेमणूक ऐकून हसण्यापूर्वी साधे गणित करून पाहावे. आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन तास असा सराव करणाऱ्या सैनिकाचे तेरा महिन्यांत सुमारे ५६० तास होतात. आठवड्यातून तीन दिवस तासभर वर्गाला जाणाऱ्या शहरी विद्यार्थ्याला तेवढ्या तासांसाठी साडेतीन वर्षे लागतील. शिवाय तो सैनिक मूळ गुरूसमोर, मोजक्या जणांच्या तुकडीत शिकत होता. कोरियातील ओसान हवाई तळावर नेमणूक असताना तांग सू डो शिकलेले चक नॉरिस हे हवाई दलाचे सैनिकच होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी खुल्या स्पर्धांतून आपली गुणवत्ता सिद्ध केली. त्यांचे नाव कोणत्या भिंतीवरील छायाचित्रावर अवलंबून राहिले नाही.

त्यामुळे आक्षेप अल्प शिक्षणावर घेण्यात अर्थ नाही. 'मी सव्वा वर्ष शिकलो, पुढची चाळीस वर्षे एकट्याने सराव केला' हे विधान सन्मानाचेच आहे. आक्षेप घ्यायचा तो नंतर घडलेल्या वाढीवर. पहिल्या पिढीच्या तोंडी 'सव्वा वर्ष' असते, दुसरी पिढी 'काही वर्षे' म्हणते आणि तिसऱ्या पिढीच्या माहितीपत्रकात तोच माणूस 'गुरूंचा निवडलेला वारस' होतो. बहुतेकदा ही भर मूळ सैनिकाने घातलेली नसते. पुढच्यांना आपली श्रेणी उंच दाखवायची असते म्हणून ती घातली जाते.

दुसरे असे, की हीच फूटपट्टी ओकिनावी परंपरांनाही लावावी लागेल. गोजू-ऱ्यूचे संस्थापक चोजुन मियागी १९५३ मध्ये औपचारिक उत्तराधिकारी न नेमता निवर्तले आणि त्यांच्या शिष्यांत वारशावरून मतभेद झाले. मियागी यांचे गुरू कानऱ्यो हिगाओन्ना चीनमध्ये ज्यांच्याकडे शिकले, ते 'ऱ्यू ऱ्यू को' नेमके कोण, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. म्हणजे साखळीतील दुवे केवळ अमेरिकन सैनिकापाशीच तुटतात, असे नाही. परदेशी शिष्याला संशयाने पाहायचे आणि स्थानिक गुरूचे सारे कथन प्रमाण मानायचे, हा न्याय नव्हे.

आपल्याकडेही हा प्रश्न अपरिचित नाही. शास्त्रीय संगीतात गंडाबंध शागीर्द आणि चार बैठका ऐकून गेलेला रसिक यांतील फरक घराण्याची मंडळी चटकन ओळखतात. कारण तेथे गुरुभाऊ, मैफली आणि ऐकणारे कान साक्षीला असतात. कुस्तीच्या तालमीत वस्तादाचे नाव घेणाऱ्या पठ्ठ्याची परीक्षा आखाड्यातच होते. ओकिनावातून परतलेल्या सैनिकाला अमेरिकेत असा साक्षी समाजच नव्हता. त्याने सांगितले ते त्याच्या गावाने ऐकले. ताडून पाहू शकणारे सारे लोक महासागरापलीकडे आणि वेगळ्या भाषेचे होते.

कायदा आणि जबाबदारी

लष्करी पदकांबाबत खोटे सांगून पैसा वा लाभ मिळवणे हा २०१३ च्या कायद्यानुसार अमेरिकेत गुन्हा आहे. काळ्या पट्ट्याला असे कोणतेही कायदेशीर संरक्षण नाही. कोणीही डोजो उघडू शकतो आणि स्वतःला कोणतीही श्रेणी देऊ शकतो. म्हणून ही जबाबदारी संघटना, प्रशिक्षक आणि विद्यार्थ्यांवर येऊन पडते. त्यासाठी फार काही लागत नाही. प्रशिक्षकाच्या गुरूने कोणाकडे, कोठे, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत शिक्षण घेतले, श्रेणी प्रत्यक्ष गुरूने दिली की नंतर एखाद्या संघटनेने आणि त्या काळचा आणखी कोणी सहाध्यायी याला दुजोरा देतो का, एवढे प्रश्न पुरेत. मुंबई-पुण्यात मुलांना वर्गाला घालणाऱ्या पालकांनीही भिंतीवरील परदेशी प्रमाणपत्र पाहून भारावण्याआधी हेच विचारायला हरकत नाही.

खोट्या परंपरेची किंमत तीन जण मोजतात. ज्याच्या नावावर नसलेले शब्द खपवले जातात तो ओकिनावी गुरू, ज्याने आपल्या तेरा महिन्यांबद्दल कधीच अतिशयोक्ती केली नाही तो प्रामाणिक सैनिक आणि आयुष्यातील दहा-वीस वर्षे एका नावावर विश्वासून देणारा विद्यार्थी. यांपैकी पहिला बहुधा हयात नाही आणि दुसरा फार काळ असणार नाही. अभिलेखागाराची दारे आता उघडत आहेत. कागद हाती येतील तेव्हा त्यांचा अर्थ सांगणारी माणसे उरलेली असावीत, यासाठी संघटनांनी आपल्या वृद्ध सदस्यांच्या आठवणी आजच तारखांसह नोंदवून घेणे अगत्याचे आहे. ते काम टळले, तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ भिंतीवरचे छायाचित्रच उरेल.