बाळाच्या डोक्याची चपटी बाजू
बाळ दोन-अडीच महिन्यांचे झाले, की न्हाऊ घालताना कोणाच्या तरी हाताला जाणवते, की डोके मागून एका अंगाला चपटे झाले आहे. मग घरात उपायांना तोटा नसतो. कोणी मोहरीची उशी शिवायला घेते, कोणी मालिशवाल्या बाईंना डोके दाबून गोल करण्यास सांगते, तर कोणी बाळाला पालथे निजवण्याचा सल्ला देते. यांतला शेवटचा सल्ला सर्वांत घातक, म्हणून त्याविषयी आधी.

१९९२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने अर्भकांना पालथे निजवू नये, अशी शिफारस केली. पुढील दहा वर्षांत तेथे झोपेत अकस्मात होणारे अर्भकमृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच काळात चपट्या डोक्याची बाळे मात्र अधिक दिसू लागली. या वयात कवटीची हाडे मऊ आणि परस्परांपासून सुटी असतात. भार सतत एकाच जागी पडला की ती जागा बसते. तरीही हा सौदा तोट्याचा नाही. अशा चपटेपणाने मेंदूची वाढ खुंटत नाही. प्रश्न बव्हंशी दिसण्याचा असतो. पालथ्या झोपेत धोका प्राणांचा असतो. रात्र असो वा दुपार, बाळाने उताणेच निजावे.

उपाय करायचा तो बाळ जागे असताना. पहिल्या आठवड्यांपासून दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच मिनिटे, कोणीतरी समोर बसून बाळाला पोटावर ठेवावे. दुसऱ्या महिन्यात ही वेळ दिवसाकाठी पंधरा ते तीस मिनिटांपर्यंत न्यावी. सतरंजी चालेल, पेढीवरून परतलेल्या आजोबांची छातीही चालेल; मात्र आजोबांना डुलकी लागता कामा नये. बाळ उजेडाकडे आणि आईकडे मान वळवते, म्हणून अंथरुणावर उशाशी-पायथ्याशी आलटूनपालटून डोके ठेवावे. कडेवर आणि मांडीवर जितका वेळ जाईल, तितका डोक्यावरचा भार हलका होतो.

मोहरीच्या उशीमागे आजीचा जिव्हाळा असतो, हे खरे. पण पहिल्या वर्षी निजलेल्या बाळाजवळ कोणतीच उशी नको. शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात जाण्याचे भय वेगळेच. टाळू भरताना तेल हलक्या हातानेच लावावे. दाबून हाडांना आकार येत नाही.

महागड्या हेल्मेटविषयी हल्ली बरीच विचारणा होते. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन वर्षांच्या वयाला हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या मुलांत लक्षणीय फरक आढळला नाही. बाळ बसू लागले की चपटेपणा बहुधा आपोआप उणावू लागतो.

काही खुणा मात्र घरगुती उपायांवर सोडू नयेत. बाळ सदैव एकाच बाजूला पाहत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले व्यायाम लवकर सुरू करणे हिताचे. बाळाचे डोके वरून पाहावे. केवळ निजण्याने आलेल्या चपटेपणात त्या बाजूचा कान किंचित पुढे सरकलेला दिसतो. तो मागे ओढल्यासारखा दिसला, बोटांना हाडाचा कठीण कंगोरा लागला किंवा जन्मापासूनचा वाकडेपणा वाढतच गेला, तर कवटीचा सांधा अकाली जुळल्याची शंका घ्यावी. त्यावर शस्त्रक्रिया लागू शकते आणि ती बहुधा पहिल्या वर्षातच करतात. अशा वेळी पुढच्या लसीची तारीख येईपर्यंत न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.