नुरा कुस्तीचा गुन्हेगार कोण?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माघापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत गावोगावच्या जत्रांचा हंगाम चालतो, आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचे मैदान आलेच. रेवड्यांवरच्या आणि नारळांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी दुपारी आरंभ होतो, इनामाचे आकडे चढत जातात, हलगीचा ठेका वाढतो आणि दिवस मावळतीला आला म्हणजे सर्वांत मोठ्या इनामाची शेवटची जोड आखाड्यात उतरते. अशा वेळी दोन्ही मल्ल गर्दनखेच करीत पंधरा-वीस मिनिटे नुसते एकमेकांना रेटत राहिले, एकही डाव मनापासून पडला नाही आणि अखेर पंचांनी दोघांचे हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवली, की गर्दीतून एक शब्द उठतो : नुरा. म्हणजे आधीच ठरवून आलेली कुस्ती. या शब्दाची ताकद एवढी की राजकारणानेही तो उचलला. सत्ताधारी आणि विरोधक यांच्या लटक्या भांडणाला आज शहरातला माणूसही नुरा कुस्तीच म्हणतो. मात्र ज्या मातीतून हा शब्द आला, तिथल्या संशयाची कोणी गंभीरपणे दखल घेतलेली नाही. अडाणी प्रेक्षकांचा गोंगाट म्हणून तो सोडून देण्यात आला. वस्तुतः या गोंगाटात एक न्याय्य तक्रार आहे. फक्त ती चुकीच्या माणसाच्या नावाने केली जाते.

प्रेक्षक ज्याला सरसकट नुरा म्हणतो त्यात दोन अगदी भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, दोन मल्लांनी आपसांत केलेला समेट. दुसरी, पंचाने किंवा पंचामागच्या माणसाने केलेला पक्षपात. पहिली गोष्ट मजुरीच्या प्रश्नाशी जोडलेली आहे, दुसरी सत्तेच्या. ही फोड केल्याखेरीज या विषयावर नीट बोलताच येत नाही.

समेटाची गोष्ट प्रथम पाहू. जत्रेतला मल्ल हा हंगामी कामगार आहे, हे समाजवादी कार्यकर्त्याला तरी निराळे सांगावे लागू नये. त्याचा बाप बहुधा अल्पभूधारक किंवा ऊसतोडणीला जाणारा. घरची म्हैस, उसनवारी आणि कधी विकलेला जमिनीचा तुकडा यांवर त्याचा खुराक चालतो. दूध, तूप, बदाम यांचा खर्च बारमाही असतो, कमाई मात्र तीन-चार महिन्यांची. या गावी आज, पुढच्या गावी परवा, असे त्याला सारा हंगाम फिरावे लागते. एका कुस्तीत गुडघा फिरला किंवा खांदा निखळला की तो हंगाम बुडाला, आणि पुष्कळदा आयुष्यही. त्याला पगार नाही, नुकसानभरपाई नाही, शस्त्रक्रियेचा खर्च देणारा मालक नाही. जत्रा समिती इनाम देते ते त्या दिवसाच्या कुस्तीचे; दुसऱ्या दिवशी तो लंगडत घरी गेला तर समितीचा त्याच्याशी संबंध उरत नाही. अशा स्थितीत समोरचा मल्लही आपल्यासारखाच पोटासाठी आलेला आहे हे ओळखून दोघांनी अंग राखून खेळावे आणि इनाम वाटून घ्यावे, यात नवल ते काय? गिरणीत यंत्राचा वेग जिवावर बेतू लागला की कामगार हात आखडता घेतो. आखाड्यातला मल्ल त्याहून निराळे काही करीत नाही.

हे समर्थन नव्हे. उन्हातान्हात बसून कुस्ती पाहायला आलेला शेतकरी वर्गणीचे पैसे देतो, आणि खरी कुस्ती पाहण्याचा त्याचा हक्क आहेच. अनेक गावांनी अलीकडे 'निकाली कुस्तीलाच इनाम' असा दंडक घातला आहे. या दंडकाने मैदाने रंगतात खरी. परंतु मल्लाच्या विम्याचा किंवा उपचाराचा शब्दही न काढता केवळ निकालाची सक्ती करणे म्हणजे जोखीम सगळी मजुराच्या अंगावर टाकून मालकाने उत्पादन वाढवून घेणेच होय. जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने मल्लांचे मानधन वाढवण्याची घोषणा केली. तिचा लाभ किताब मिळवलेल्यांना आणि निवडक प्रशिक्षणार्थींना. जत्रेच्या फडात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या जोडीत लढणारा पोरगा त्या घोषणेच्या कक्षेत येतच नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ती अधिक गंभीर आहे. पंचाविषयीचा संशय आजचा नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. पण ते हेलसिंकीला पोचले कसे? मद्रासच्या स्पर्धेत निरंजन दास या मल्लाविरुद्ध आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले, असा वृत्तान्त त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. प्रवासखर्चासाठी गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही कथा शाळेच्या पुस्तकांत जिद्दीची कथा म्हणून येते. तिची दुसरी बाजू फारसे कोणी वाचत नाही. संशय खरा ठरला, पण दाद मिळाली ती एका राजाच्या मर्जीने. ती मर्जी झाली नसती तर स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक पदकाचा मानकरी 'पंचांविरुद्ध रडणारा हरलेला पैलवान' म्हणून विसरला गेला असता. असे किती खाशाबा गावोगावच्या तालमींत विसरले गेले, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

त्यानंतर सत्तर वर्षे लोटली. दाद मागण्याची रीतसर जागा अजून निर्माण झालेली नाही. १९६१ साली सांगलीच्या दिनकर दह्यारी यांच्यापासून महाराष्ट्र केसरीच्या मानाची परंपरा सुरू झाली. पुनवतचे गणपतराव आंदळकर, कवठेपिरानचे मारुती माने अशी माणसे याच मातीने दिली. त्याच सांगली जिल्ह्यातील चंद्रहार पाटील यांनी २००७ आणि २००८ असा दोनदा महाराष्ट्र केसरीचा मान मिळवला. २००९ साली तिसऱ्या गदेच्या वेळी पंचांनी आपल्यावर अन्याय केला, असे ते आजही म्हणतात. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी दोन्ही गदा परत करण्याची भाषा केली. पंचांविषयी त्यांनी त्या वेळी वापरलेले शब्द असमर्थनीयच होते. पण सोळा वर्षे एक तक्रार मनात कुजत राहते, तेव्हा ती ऐकून निकालात काढणारे कोणी नव्हते एवढे तरी सिद्ध होते.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने टाकलेल्या टांगेला चार गुण द्यायचे की कमी, यावरून वाद पेटला. सिकंदर शेखच्या बाजूचे लोक म्हणत की तो धोकादायक स्थितीत पडलाच नव्हता. चित्रफिती घरोघर फिरल्या, पंचाला धमकीचा दूरध्वनी आल्याची तक्रार झाली. त्याहून वाईट म्हणजे हमालाच्या घरातून आलेल्या या मल्लाच्या पराभवाला धर्माचा रंग देण्याचा उद्योगही काहींनी करून पाहिला. न्यायाची जागा रिकामी राहिली की तिथे कोण येऊन बसते, ते या प्रसंगात दिसले. पुढे २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीत पंचांनी चितपट जाहीर केली. दोन्ही खांदे टेकले नव्हते, चित्रफीत पाहा, असा राक्षेचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही, आणि त्याने पंचाला लाथ मारली. त्यानंतरची अंतिम कुस्ती अर्धवट टाकून महेंद्र गायकवाड मॅटवरून निघून गेला. दोन्ही मल्लांवर तीन वर्षांची बंदी लगोलग घालण्यात आली. लाथ मारणे निंद्यच. तथापि मल्लाच्या उमेदीतली तीन वर्षे म्हणजे काय, हे बंदी घालणाऱ्यांना ठाऊक असलेच पाहिजे.

जुन्या मातीच्या कुस्तीत पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपे, आणि ती लागली की नाही हे दहा हजार डोळे पाहत. पंच चुकला तर मैदान त्याला चुकू देत नसे. गुणांच्या कुस्तीत निर्णय गर्दीच्या नजरेतून निघून तीन अधिकाऱ्यांच्या कागदावर गेला. हा बदल आवश्यक होता, कारण आंतरराष्ट्रीय नियम टाळून खाशाबांचे वारस घडणार नाहीत. पण जेव्हा निर्णय लोकांच्या डोळ्यांआड जातो, तेव्हा निर्णय करणाऱ्याच्या नेमणुकीविषयी लोकांना सर्व काही कळले पाहिजे. महाराष्ट्रात नेमके उलट घडले.

ही नेमणूक ज्यांच्या हाती आहे त्या संघटनांकडे पाहावे. मामासाहेब मोहोळांच्या काळापासून चालत आलेल्या राज्य कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्षपद दीर्घकाळ शरद पवारांकडे होते. २०२२ साली भारतीय कुस्ती महासंघाने ती बरखास्त केली आणि भाजपचे तत्कालीन खासदार रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखालील कुस्तीगीर संघाला मान्यता दिली. ही मान्यता देणारे महासंघाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह. त्यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप करीत देशाच्या नामवंत महिला मल्ल जानेवारी २०२३ मध्ये जंतरमंतरवर बसल्या, त्या याच गृहस्थांविरुद्ध. त्यानंतर एकाच नोव्हेंबरात, २०२३ साली, दोन महाराष्ट्र केसरी झाले : धाराशिवला शिवराज राक्षे आणि फुलगावला सिकंदर शेख. २०२५ सालीही तसेच. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, तर त्याच जिल्ह्यात कर्जतला वेताळ शेळके. गदा दोन, संघटना दोन, आणि दोन्हींच्या व्यासपीठावर बसलेले पुढारी मात्र एकाच वर्गातले : साखर कारखाना, बँक, शिक्षणसंस्था आणि आखाडा यांची मालकी एकत्र बाळगणारे. साताऱ्यात एप्रिल २०२२ मध्ये स्पर्धा झाली तेव्हा विजेत्या पृथ्वीराज पाटीलला गदा मिळाली, पण रोख इनाम मिळाले नाही, अशी तक्रार त्याने स्वतःच जाहीरपणे केली होती. व्यासपीठावरच्या सत्कारांना मात्र कधी पैसा कमी पडल्याचे ऐकिवात नाही.

पंच या संघटनेचा, स्पर्धा या पुढाऱ्याची, मल्लाची तालीम त्या पुढाऱ्याच्या आश्रयाची. आणि तक्रार करायची ती पुन्हा याच मंडळींकडे. अशा रचनेत पंच कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्यावर विश्वास बसणार नाही. इटलीतील फुटबॉलमध्ये २००६ साली उघडकीस आलेले प्रकरण येथे आठवण्याजोगे आहे. युव्हेंटस या बलाढ्य क्लबचा व्यवस्थापक लुचानो मोज्जी याने खेळाडूंना लाच देण्याचा खटाटोप केला नव्हता. सामन्यांवर पंच नेमणाऱ्या अधिकाऱ्यांशी त्याचे दूरध्वनीवर घनिष्ठ बोलणे चाले, एवढेच. क्लबची दोन विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि त्याला खालच्या श्रेणीत ढकलण्यात आले. वर्षानुवर्षे 'सामने ठरलेले असतात' असे म्हणणारा तिथला सामान्य प्रेक्षक मैदानावर बोट दाखवीत होता. खरी जागा कचेरीतल्या दूरध्वनीपाशी होती. महाराष्ट्रात असेच घडले आहे, असा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही, आणि पुराव्यावाचून तसे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु घडू नये यासाठी जी व्यवस्था हवी ती येथे नाही, हे म्हणायला निराळा पुरावा लागत नाही.

ज्या कुंडलच्या मैदानाला आज लोक लांबून येतात, ते कुंडल १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारचे केंद्र होते. तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव न्यायदान मंडळे चालवली. त्या न्यायात अतिरेकही झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सावकाराच्या किंवा पाटलाच्या ओसरीवर होणारा निवाडा त्यांनी गावासमोर आणला आणि निवाडा करणारा कोण हे गावाला ठाऊक असे. तालमींतली कितीतरी पोरे त्या चळवळीत होती. त्यांच्या नातवंडांना कुस्तीचा निवाडा मात्र पुन्हा ओसरीवर मागावा लागतो.

या दोन जिल्ह्यांतील अनेक जत्रा समित्यांवर पक्षाचे कार्यकर्ते आणि सहानुभूतिदार बसतात. राज्य पातळीवरची संघटना सुधारण्याची वाट पाहत त्यांनी बसण्याचे कारण नाही. येत्या हंगामात आपापल्या गावच्या मैदानापुरते तरी काही करता येईल : पंचांची नावे आणि त्यांची नेमणूक कोणी केली हे आठवडाभर आधी चावडीवर लावणे; मोठ्या कुस्त्यांचे चित्रण करून वाद झाल्यास ते तिथेच पडद्यावर सर्वांना दाखवणे; पंच आणि इनाम देणारा पुढारी यांचा संबंध असल्यास तो पंच बदलणे; आणि वर्गणीचा ठरावीक हिस्सा जायबंदी मल्लाच्या उपचारासाठी आधीच बाजूला काढणे. या शेवटच्या मुद्द्यावर समितीत सर्वांत जास्त विरोध होईल, कारण तो पैसा फेट्यांच्या आणि हारांच्या खर्चातून कापावा लागेल.