‘सॉफ्टवेअर अपडेट केलंय, काका!’

इलेक्ट्रिक गाडी बंद पडली की सगळे मोठ्या बॅटरीकडे संशयानं बघतात. पण पुष्कळदा दगा देते ती बारा व्होल्टची छोटी बॅटरी. ती बसली की मोठी काठोकाठ भरलेली असली तरी गाडी जागची हलत नाही! पुतण्याच्या नव्या गाडीचं चार महिन्यांत तीनदा हेच झालं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर दर वेळी एकच, ‘अपडेट केलंय’. कागदावर मात्र शून्य. (शाळेत आम्ही तोंडी रजासुद्धा मान्य करत नसू.) पुतण्या म्हणतो, “एवढ्यासाठी कुठे भांडायचं?” अरे, चौदा लाख मोजलेत ना?

अमेरिकेत वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाड्यांसाठी ‘लेमन लॉ’ आहेत. आपल्याकडे तसा खास कायदा नाही, पण २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. वकील लागतोच असंही नाही.

मात्र दोष मुळातलाच आहे, हे दाखवावं लागतं आपल्याला. गाडी बदलून मिळणं तर आणखी कठीण. तिथं उपयोगी पडतं ते प्रत्येक खेपेचं जॉबकार्ड, आणि तेही आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहिलेली असेल तर. ‘जनरल चेकअप’ असं लिहून दिलं, तर सही करू नये.