पापणीचा कोड अर्धवट नको

साक्रीत मी विम्याचे आणि सरकारी आरोग्य योजनेचे कागद भरून देतो. मध्यंतरी पिंपळनेरकडच्या एक आजी आल्या. वरच्या पापणीला गाठ, तिथले केस गळालेले. "रांजणवाडीच शे," म्हणत त्यांनी वर्ष काढलं. चिरा दिला की बसायची, पुन्हा त्याच जागी यायची. शेवटी तुकडा तपासला, तर तेलग्रंथीचा कॅन्सर निघाला, सिबेशियस कार्सिनोमा. डिस्चार्ज कार्डावर मात्र नुसतं 'सी ४४.१'.

कोड चुकीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या कोडयादीत पापणीच्या त्वचेचा कॅन्सर तिथेच बसतो. मेलानोमा तेवढा सी ४३.१. पण सावकाश वाढणारा, क्वचितच पसरणारा बेसल सेल कॅन्सर आणि मानेच्या गाठींपर्यंत जाऊ शकणारा सिबेशियस एकाच खणात कोंबले जातात. पाश्चात्त्य देशांत बहुतेक रुग्ण बेसल सेलचेच. तरी अमेरिकेने २०१८ मध्ये सिबेशियसला सी ४४.१३ हा वेगळा कोड दिला. डावी-उजवी, वरची-खालची पापणीसुद्धा वेगळी केली. आपल्याकडे सिबेशियस तिकडच्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतो, आणि कार्ड गप्प!

कॅन्सर नोंदणीत या पेशीप्रकाराला ८४१०/३ असा आकडा आहेच. तो आणि कोणती पापणी, एवढं डॉक्टरांनी सहीआधी लिहावं. बायोप्सीचा रिपोर्ट वाचून अंदाज बांधणं हे माझ्यासारख्या कागदवाल्याचं काम नव्हे.