पावसाबरोबर ऊनही मोजा

आष्टी तालुक्यात किती मिलिमीटर पाऊस झाला, याची पावसाळ्यात रोज चर्चा होते. ऊन किती तास पडले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. दुष्काळी मुलखाला उन्हाची काय वाण, असा त्यामागचा समज. तो तपासून पाहायला हवा. आष्टी पर्जन्यछायेत येते. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ दिवस दिवस भरलेले राहते, वारा सुटतो आणि पाऊस हुलकावणी देतो. अशा दिवशी पर्जन्यमापक कोरडा असतो आणि ऊनही तुटपुंजे मिळते. पावसाच्या आकड्यावरून उन्हाचा अंदाज बांधता येत नाही, तो असा.

ऊन मोजण्याचे जुने साधन म्हणजे काचेचा भरीव गोळा. ब्रिटनमध्ये जॉन कॅम्पबेल यांनी १८५३ मध्ये ते तयार केले आणि १८७९ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी त्यात सुधारणा केली. गोळ्यातून एकवटलेले किरण मागच्या कागदी पट्टीवर डाग जाळत जातात. सूर्य ढगाआड गेला की जळणे थांबते. संध्याकाळी जळालेली रेघ मोजली की उन्हाचे तास मिळतात. परभणी आणि राहुरी येथील कृषी विद्यापीठांच्या वेधशाळांत उन्हाच्या तासांची नोंद होते.

मात्र दोन केंद्रांचे आकडे शेजारी ठेवले म्हणजे तुलना झाली, असे नाही. तुटक ढगांत गोळ्याची पट्टी प्रत्यक्षापेक्षा जास्त ऊन दाखवते. सकाळी ती दमट असली तर कमी दाखवते. म्हणूनच जागतिक हवामान संघटनेने व्याख्या ठरवून दिली आहे: सूर्याकडून थेट येणारी ऊर्जा दर चौरस मीटरला १२० वॉटच्या वर असेल, तोच वेळ उन्हाचा. इलेक्ट्रॉनिक उपकरणे हा निकष थेट लावतात. शिवाय केंद्राजवळचे झाड, इमारत किंवा डोंगर सकाळ-संध्याकाळचे ऊन अडवतो. ऋतूही पाहावा लागतो. आष्टीत जूनचा दिवस सुमारे १३ तासांचा, तर डिसेंबरचा ११ तासांचा. नऊ तास ऊन म्हणजे जूनमध्ये शक्य उन्हाच्या ६९ टक्के आणि डिसेंबरमध्ये ८२ टक्के.

हा हिशेब शेतकऱ्याच्या कामाचा आहे. पिकाची पाण्याची गरज काढताना उन्हाच्या तासांवरून सौरऊर्जेचा अंदाज घेतला जातो. जगभर वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार १३ तासांच्या दिवसात ऊन नऊऐवजी चारच तास पडले, तर जमिनीवर पोहोचणारी ऊर्जा साधारण एकतृतीयांशाने घटते. निम्म्याने नव्हे, कारण ढगांतूनही विखुरलेला प्रकाश येत राहतो. पिकाची गरज त्यामुळे कमी होते, पण संपत नाही. त्याच दिवशी सौर कृषिपंपाचे पाणीही मंदावते. पाऊस नाही आणि पंपही पुरता चालत नाही, अशा आठवड्याचे नियोजन नोंदीशिवाय कसे करायचे?

आरोग्याच्या बाबतीत मात्र नुसते तास पुरत नाहीत. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोहोचतात. अगदी कोवळ्या उन्हात ते फार कमी असतात. त्यामुळे भरपूर ऊन पडणाऱ्या गावातही दिवसभर सावलीत बसून काम करणाऱ्याला या जीवनसत्त्वाची कमतरता भासू शकते.

राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. त्यांचा भर पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्यावर आहे. त्याला उन्हाच्या मोजणीची जोड द्यावी, निदान प्रत्येक तालुक्यात एका केंद्रावर तरी. उपकरण कोणते, त्या दिवशी जास्तीत जास्त किती तास ऊन शक्य होते आणि प्रत्यक्षात किती पडले, या तीन गोष्टी एकत्र जाहीर व्हाव्यात. म्हणजे आष्टीचे ऊन परभणीच्या किंवा राहुरीच्या आकड्यावरून गृहीत धरावे लागणार नाही. सौरपंपांच्या भरवशावर शेती उभी करायची, तर त्या उन्हाचा जमाखर्चही ठेवलाच पाहिजे.