मधला टप्पा
कोलकात्यात एस्प्लनेडहून हुगळीखालून हावड्याकडे जाणारी मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. सियालदह ते सॉल्ट लेक गाडी आधीच धावत होती; मधला टप्पा मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये जोडला गेला. दिव्यांगांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातही असाच मधला टप्पा राहिला आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव, शासकीय सेवेत ४ टक्के. त्यांत स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, मनोविकार आदी सर्वांना मिळून एकच टक्का. परंतु लेखनिक, वाढीव वेळ या सवलती पदवीबरोबर संपतात आणि कार्यालयात आपली गरज पहिल्यापासून पटवून द्यावी लागते. कर्मचाऱ्याची बदली झाली की त्याचे सेवापुस्तक मागोमाग जाते. विद्यापीठाचे सुविधा-पत्र, विद्यार्थ्याची संमती असल्यास, तसेच नियोक्त्याकडे का जाऊ नये?