लाल रंगाखालचा करडा ट्रॅक्टर

निफाड तालुक्यात माझं आजोळ आहे. तिथल्या मळ्यात, विहिरीशेजारच्या कडुनिंबाखाली एक ट्रॅक्टर उभा आहे. लहानपणी सुट्टीत आम्ही भावंडं त्याच्या सीटवर बसण्यासाठी भांडायचो. तेव्हाही तो बंदच होता. गेल्या दिवाळीत गेले, तर मामा म्हणाले, ‘‘बघून घे शेवटचा. शनिवारी भंगारवाला येतोय.’’

मामांचंही चूक नव्हतं. द्राक्षबागेचा हंगाम तोंडावर होता, फवारणीचा ट्रॅक्टर ठेवायला जागा हवी होती. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला होता. असा ट्रॅक्टर अकरा-बाराशे किलो भरतो, म्हणजे रक्कमही अगदीच किरकोळ नव्हती.

मी सहज विचारलं, ‘‘मामा, हा कुठला ट्रॅक्टर? आणि कुठल्या सालचा?’’

या एका प्रश्नाने घरात दोन तट पडले! मामा म्हणाले, ‘‘मॅसी पस्तीस. दादांनी एकसष्ट साली कोरा करकरीत आणला. पंचक्रोशीतला पहिला.’’ मामेभावाने मान डोलावली. लाल रंग, तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. त्याच्याही मते तो मॅसी पस्तीसच. आजी ओट्यावर शेंगा निवडत होती. वय शहाऐंशी, पण कान शाबूत. ती म्हणाली, ‘‘पानशेत फुटलं त्या साली आला हे खरं. पण तेव्हा तो लाल नव्हता आणि डिझेलवरही नव्हता. रॉकेलवर चालायचा.’’

सगळे हसले. रॉकेलवर स्टोव्ह चालतो, ट्रॅक्टर कसा चालेल? मामेभाऊ म्हणाला, ‘‘आजी, तुझा गोंधळ होतोय.’’ आजी काही बोलली नाही. पुन्हा शेंगा निवडायला लागली.

मला मात्र ते खटकलं. आजीचं माहेर पुण्याचं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा तिच्या माहेरच्या घरात पाणी शिरलं होतं. तिच्या आयुष्यातल्या साऱ्या गोष्टी ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ अशा मांडलेल्या असतात. मामा तर त्या वेळी जेमतेम दोन वर्षांचे. मग खरं कोणाचं? म्हटलं, भंगारवाला यायला तीन दिवस आहेत. ट्रॅक्टरलाच विचारू या!

आता वाचकहो, जुन्या यंत्राला त्याचं वय कसं विचारायचं? पहिली गोष्ट, रंगावर विश्वास ठेवायचा नाही. रंग कोणीही, केव्हाही देऊ शकतो. मामेभावाने मागच्या चाकाच्या पंख्याखाली, जिथे ब्रश सहसा पोहोचत नाही, तिथे चाकूने हलकेच खरवडलं. लाल रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली फिकट करडा रंग दिसला. मामेभाऊ गप्प झाला.

करड्या रंगाचे ट्रॅक्टर म्हटलं की जाणकारांना एकच नाव आठवतं: हॅरी फर्ग्युसन. १८८४ साली आयर्लंडमधल्या काउंटी डाऊन परगण्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस. त्या काळचे ट्रॅक्टर नांगराला नुसते दोरीने ओढल्यासारखे ओढायचे. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टरची पुढची चाकं वर उचलली जायची, प्रसंगी तो चालवणाऱ्यावरच उलटायचा. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरच्या पाठीशी जोडला आणि त्याची उचल तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पंपाकडे दिली. त्यामुळे नांगराचा ताण मागच्या चाकांवर वजन म्हणून पडू लागला. हलका ट्रॅक्टर जड काम करू लागला आणि उलटण्याची भीतीही पुष्कळ कमी झाली. आज आपल्या शेतात दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे हीच तीन दांड्यांची जोडणी असते.

या फर्ग्युसनचा ‘टीई-२०’ ट्रॅक्टर १९४६ पासून १९५६ पर्यंत इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री इथे स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात तयार होत होता. दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले, तेही याच जातीच्या ट्रॅक्टरांवर पट्टे चढवून! १९५३ साली फर्ग्युसनची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. पुढे १९५६ मध्ये ‘पस्तीस’ आला. तोही सुरुवातीला करडाच होता, फक्त त्याचं इंजिन आणि खालचा सांगाडा सोनेरी-तांबूस छटेचा. मॅसी फर्ग्युसनचा ओळखीचा लाल रंग त्यानंतरचा. आपल्याकडे १९६० साली मद्रासला टॅफे कंपनी निघाली, तिने मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि तो लाल रंग गावोगाव पोहोचला. आमच्या ट्रॅक्टरला तो कोणी दिला, हे वेगळं सांगायला नको. मामांनीच, स्वतःच्या लग्नाच्या वेळी!

पण नुसत्या करड्या रंगावरून निकाल देता येत नाही, कारण सुरुवातीचा पस्तीसही करडा होता. तेव्हा दुसरा साक्षीदार बोलावला, गिअरचा दांडा. पस्तीसला पुढे जाण्याचे सहा गिअर असतात. तीन गिअर आणि त्यांची ‘हळू’ व ‘जलद’ अशी दुप्पट. टीई-२० ला चारच. शिवाय टीई-२० च्या दांड्याला एक जादा जागा असते, ‘एस’ म्हणजे स्टार्टची. दांडा तिथे नेला तरच स्टार्टर फिरतो. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये असताना सुरू होऊन पुढे धावू नये, म्हणून केलेली ही साधी, नामी युक्ती. मामेभावाने दांडा हलवून पाहिला. गंज होता, पण खाचा मोजता आल्या. पुढचे चार, मागचा एक आणि तो जादा ‘एस’. म्हणजे आमचा ट्रॅक्टर मॅसी पस्तीस नव्हताच.

मामा हार मानायला तयार नव्हते. ‘‘अगं, पण इंजिन तीन सिलिंडरचं आहे ना? डिझेल आहे ना?’’

मुद्दा बिनतोड होता. टीई-२० चं कुठलंच इंजिन तीन सिलिंडरचं नाही. पेट्रोलचं असो की डिझेलचं, सिलिंडर चारच. इथे माझीही मती गुंग झाली. मग इंजिनावरची धूळ पुसली, तेव्हा ओतीव अक्षरांत नाव दिसलं: पर्किन्स. इंग्लंडमधल्या पीटरबरोची ही इंजिन बनवणारी कंपनी. पन्नासच्या दशकात तिने फर्ग्युसन ट्रॅक्टरसाठी ‘पी-३’ हे तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि ते बसवण्याचं सगळं सामान बाजारात आणलं होतं. म्हणजे मूळ इंजिन काढून कोणीतरी हे दुसरं बसवलं होतं. इंजिन हा ट्रॅक्टरचा सर्वांत मोठा भाग असला, तरी तो बदलता येतो. त्याच्यावरून ट्रॅक्टरचं साल ठरवणं म्हणजे बदललेल्या दारावरून घराचं वय ठरवण्यासारखं आहे.

मग खरं सांगणार कोण? तर पाटी. टीई-२० ची पाटी स्टिअरिंगखाली, मीटरच्या फळीवर रिव्हेट मारून बसवलेली असते. आमच्या पाटीवर रंगाचे दोन-तीन थर होते. इथे एक चूक हमखास होते. लोक सँडपेपर घेऊन घासायला लागतात आणि रंगाबरोबर आकडेही घालवतात. आम्ही रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू रंग सोडवला. आकडे उठावदार नव्हते, म्हणून पाटीवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो, अगदी तसंच. कागदावर अक्षरं उमटली: टी, ई, डी, २०. पुढे तीन लाख चाळीस हजारांच्या घरातला क्रमांक.

‘‘बघ, डी! डिझेल!’’ मामा आनंदाने म्हणाले.

पण वाचकहो, गंमत इथेच आहे. ‘टी’ म्हणजे ट्रॅक्टर, ‘ई’ म्हणजे इंग्लंड, २० हा अश्वशक्तीचा ढोबळ आकडा. मधलं तिसरं अक्षर मात्र कुठल्याही शब्दाचं आद्याक्षर नाही. जसजसे प्रकार निघाले, तसतशी इंग्रजी वर्णमालेतली पुढची अक्षरं दिली गेली. पहिल्या ट्रॅक्टरांना अमेरिकी इंजिन होतं, त्यांना जादा अक्षर नाही. ‘ए’ म्हणजे स्टँडर्डचं पेट्रोल इंजिन. डिझेलचा ट्रॅक्टर ‘एफ’. ‘के’, ‘एल’ आणि ‘एम’ हे द्राक्षबागांच्या ओळींतून जाणारे अरुंद ट्रॅक्टर. आणि ‘डी’? ‘डी’ म्हणजे ट्रॅक्टरसाठीच्या व्हेपरायझिंग ऑइलवर, अर्थात रॉकेलच्याच जातीच्या इंधनावर चालणारा!

अशा इंजिनाला आधी थोडं पेट्रोल देऊन सुरू करायचं आणि ते गरम झालं की रॉकेलवर घ्यायचं. म्हणून टाकीत पेट्रोलचा छोटा कप्पा वेगळा. मामेभावाने बॉनेट उघडलं. टाकीला दोन तोंडं होती, एक मोठं, एक लहान. इतकी वर्षं त्या लहान झाकणाचं काम काय, हे कोणी विचारलंच नव्हतं.

आम्ही तिघं ओट्यावर आलो. मामेभाऊ आजीच्या पायाशी बसला आणि म्हणाला, ‘‘आजी, तुझंच खरं. रॉकेलवर चालायचा.’’

आजी म्हणाली, ‘‘मग मी काय सांगत होते? रॉकेलचा वास त्यांच्या कपड्यांना असायचा, धुऊन जात नसे. पुढे रॉकेल मिळेना. घरात चुलीला, कंदिलाला पुरेना, तिथे ट्रॅक्टरला कुठलं? तुझ्या आईच्या वेळी मी बाळंतिणीच्या खोलीत होते, तेव्हा नाशिकचा मिस्त्री आठ दिवस इथे राहून इंजिन बदलून गेला. त्याच्या भाकऱ्या तुझ्या पणजीने थापल्या.’’

राहता राहिलं साल. फर्ग्युसनच्या कारखान्यातल्या क्रमांकांचे वर्षवार तक्ते उपलब्ध आहेत. तीन लाख चाळीस हजारांचा आकडा १९५३ मध्ये पडतो. म्हणजे कारखान्यातून ट्रॅक्टर १९५३ ला निघाला आणि आमच्या दारात १९६१ ला आला. मधली आठ वर्षं? आजीने ट्रंकेतून एक स्टॅम्पपेपर काढून दिला. कोपरगावकडच्या एका बागाईतदाराकडून आजोबांनी तो वापरलेला ट्रॅक्टर विकत घेतला होता.

मामांचा चेहरा उतरला. ‘दादांनी कोरा ट्रॅक्टर आणला’ ही गोष्ट त्यांनी पन्नास वर्षं सांगितली होती. आजीच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, ‘‘अरे, त्यांनी कधी कोरा म्हणून सांगितलं? तुम्हीच म्हणायला लागलात. दोन एकर गहाण टाकून जुना घेतला आणि चार वर्षांत जमीन सोडवली. यात कमीपणा कसला?’’ जमीन गहाण टाकल्याचं मामांनाही त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

एका यंत्राला तीन साली असतात, हे या खटाटोपात मला उमगलं. मॉडेल निघालं ते साल, तो विशिष्ट नग कारखान्यातून बाहेर पडला ते साल आणि तो आपल्या घरी आला ते साल. आमच्या ट्रॅक्टरची १९४६, १९५३ आणि १९६१. घरातले वाद बहुधा या तिन्हींची सरमिसळ झाल्याने होतात. सुटा भाग मागवायचा तर पाटीवरचं अक्षर आणि क्रमांकच लागतो. ‘एकसष्टचा मॅसी’ म्हणून मागवलेला भाग आमच्या ट्रॅक्टरला बसलाच नसता. इंजिनासाठी मात्र इंजिनावरचा क्रमांक वेगळा लिहून घ्यावा लागतो, कारण ते पाहुणं आहे.

तुमच्याकडे ट्रॅक्टर नसेलही. पण आईचं सिंगरचं शिवणयंत्र असेल. त्याच्या क्रमांकावरूनही ते कधी बनलं हे काढता येतं. एखादी स्कूटर असेल, पाण्याचं इंजिन असेल. विकण्याआधी, रंगवण्याआधी एक संध्याकाळ काढा. पाटी शोधा, मोबाइलवर फोटो घ्या, क्रमांक वहीत उतरवा. आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला आधी विचारा. त्यांचं बोलणं विसंगत वाटलं, तरी लिहून ठेवा. ते खरं ठरण्याची शक्यता आपल्याला वाटते त्याहून जास्त असते.

शनिवारी भंगारवाला आला. मामांनी त्याला फुटके पाइप, गंजलेल्या तारा आणि जुना पत्रा दिला. फवारणीच्या ट्रॅक्टरसाठी गोठ्याच्या बाजूला शेड घालायचं ठरलं. निघताना मी पाहिलं, तर मामेभाऊ बॉनेटवरचा लाल रंग सावकाश खरवडत होता आणि आजी ओट्यावरून सांगत होती, ‘‘सगळा काढू नकोस रे. तुझ्या बापाच्या लग्नाचा रंग आहे तो, थोडा राहू दे.’’